न आलेले अलर्ट

दुसऱ्या ऑफिसांत कोणी काहीतरी करून ठेवतं आणि त्याचा किस्सा होतो. आमच्याकडं काहीच झालं नाही की किस्सा होतो. बारा वर्षं या खोलीत बसून माझ्याकडं असे न घडलेल्या गोष्टींचे इतके किस्से साठलेत, की फुलंब्रीच्या बसमध्ये शेजारी कोणी ओळखीचं बसलं तर हर्सूल यायच्या आत दोन सांगून होतात. ऐकणारा हसतो, आणि मग हळूच विचारतो, "पण मॅडम, तुमचं काम नेमकं काय?"

काम सांगायला सोपं आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमची एक खोली आहे. भिंतीवर मोठा टीव्ही. जिल्ह्यात पसरलेल्या एका पतसंस्थेच्या शाखा आणि दोन-तीन खाजगी दवाखाने, यांचं नेटवर्क आम्ही सांभाळतो. प्रत्येक ठिकाणी आमचं एक यंत्र बसवलेलं, त्याला राउटर म्हणतात. आमचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला प्रत्येक यंत्राला हाक मारतं. ओ आली की टीव्हीवर त्या गावाचा ठिपका हिरवा. ओ नाही आली की ठिपका लाल होतो, घंटी वाजते आणि आमच्या मोबाइलवर मेसेज येतो. तो अलर्ट. अलर्ट आला की आम्ही धावतो.

माझा गोंधळ इथून पुढं सुरू होतो. आलेला अलर्ट दिसतो. न आलेला कसा दिसणार?

०

पहिला किस्सा लासूर स्टेशनचा.

एका सोमवारी सकाळी तिथल्या शाखेचे मॅनेजर निकम साहेब थेट आमच्या खोलीत आले. रेल्वेनं आले होते, हातात डबा, शर्टाला घाम. म्हणाले, शनिवारपासून नेट बंद आहे, बाजारसमितीचे व्यापारी दारात उभे आहेत, आणि तुमच्याकडून साधा फोन नाही.

मी टीव्हीकडं बघितलं. लासूरचा ठिपका हिरवागार. मी त्यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, ठिपक्याकडं बघितलं आणि शाखेत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बंदच आहे. त्यांनी परत ठिपक्याकडं बघितलं. आता माझ्याएवढेच तेही गोंधळले होते.

आमचे साहेब म्हणजे जाधव सर. आधीच्या नोकरीत तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून ते इथं आले, आणि यंत्रापेक्षा माणसाचा शब्द खरा मानायचा नाही हे तत्त्व सोबत घेऊन आले. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून लासूरच्या यंत्राला हाक मारली. लगेच ओ आली. इतकी लगेच, की सर निकम साहेबांना म्हणाले, बघा, शहरातल्या शाखासुद्धा एवढ्या पटकन उत्तर देत नाहीत, तुमची लाइन सगळ्यात चांगली आहे.

निकम साहेब बाजूच्या खुर्चीत टेकले. डबा मांडीवर ठेवून बसून राहिले.

अर्ध्या तासानं आमच्या कोपऱ्यातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. ऑफिसचं सगळं बघणाऱ्या शिंदे मॅडमनी प्रिंटर बंद करून कागद ओढायला घेतला, आणि त्याच मिनिटाला घंटी वाजली. लासूर लाल. मॅडमनी प्रिंटर चालू केला. लासूर हिरवं. जाधव सरांनी मॅडमना परत बंद करायला सांगितलं. लाल. चालू. हिरवं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सांगायची सरांची हिंमत झाली नाही.

यादीत लासूरचं यंत्र चढवताना कोणीतरी त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यातला एक आकडा चुकवला होता. तो पत्ता आमच्याच प्रिंटरचा होता. इतके महिने आम्ही प्रिंटरला हाक मारत होतो आणि लासूरची खुशाली समजत होतो.

निकम साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "म्हंजे तुमच्या प्रिंटरची तब्येत चांगली होती, म्हणून आम्ही बरे होतो."

०

दुसरा आमच्या लेट मार्कांचा. त्याचा अलर्टशी काही संबंध असेल हे आम्हाला दोन महिने कळलं नाही.

दारात हजेरीचं मशीन आहे, अंगठा लावायचं. त्या पावसाळ्यात ते मधूनमधून थिजायला लागलं. मी आठच्या ठोक्याला दारात असायची आणि मशीन अंगठा घ्यायचं नाही. पंधरा मिनिटांनी आपोआप शुद्धीवर यायचं, अन् तोवर लेट मार्क. शिंदे मॅडम नियमाच्या पक्क्या. त्या रजिस्टर पुढं करून कारण लिहायला लावायच्या. मी लिहायची, "वेळेवर आले होते." त्या म्हणायच्या, हे उशिराचं कारण होऊ शकत नाही.

आम्ही अंगठे धुतले, पुसले, कोरडे केले. सलीमभाईंचा अंगठा तर तसाही लागत नव्हता. सलीमभाई म्हणजे आमचे फील्ड इंजिनिअर. वीस वर्षं मोटरसायकलवर जिल्हाभर फिरून, खांबावर चढून, तारा सोलून त्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत असं त्यांचं म्हणणं.

खरं कारण शोधलं ते सलीमभाईंनीच. एकदा ते सकाळीच वैजापूरच्या शाखेत गेले होते. तिथून त्यांनी मला फोन केला की इथं आत्ता लाइट गेली, तुमच्याकडं काही दिसलं का. मी म्हटलं, काहीच दिसलं नाही, आणि मी दारातच अडकलेय, मशीन परत थिजलंय. दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सलीमभाई फोनवर हसले नाहीत. म्हणाले, "म्याडम, इन दोनों का कुछ तो भी चक्कर है."

मला वाटलं, पावसात भिजून ताप चढला असेल.

पण चक्कर होतं. आमचा सर्व्हर वर्षापूर्वी बदलला, तेव्हा जुन्या सर्व्हरचा पत्ता मोकळा झाला आणि तो कोणीतरी हजेरीच्या मशीनला देऊन टाकला. वैजापूरकडच्या चार शाखांना हे कोणी कळवलंच नाही. तिथली यंत्रं बॅटरीवर चालतात. लाइट गेली की आपलं गाऱ्हाणं त्या जुन्या पत्त्यावर पाठवत राहायची, एकामागून एक, शेकड्यांनी. बिचारं मशीन अंगठे ओळखायला बसवलेलं. त्याला वैजापूरची लाइट म्हणजे काय ते कुठून कळावं? ते थिजून जायचं.

जाधव सरांनी हे शिंदे मॅडमना दोनदा समजावून सांगितलं. त्यांना पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या नावापुढं स्वतःच्या हातानं कारण लिहिलं, "वैजापूरला लाइट गेल्यामुळे उशीर." आणि खाली मंजूर म्हणून सही केली.

०

दौलताबादच्या शाखेत कदम बाई म्हणून मॅनेजर आहेत. त्यांचा आवाज इतका मऊ, की तक्रार करताहेत की चौकशी, ते कळत नाही. त्यांनी फोन करून विचारलं, आमचं नेट दिवसातून तीनदा तुटतं, तुम्हाला कळतं ना?

मी बघितलं. ठिपका हिरवा, आणि शाखेच्या आतली जोडणी तुटली की यंत्रानं स्वतःहून पाठवायचे ते संदेश, दौलताबादकडून शून्य. त्यांना म्हटलं, आमच्याकडं काही आलेलं नाही. त्या म्हणाल्या, असं कसं, राउटरवरचा दिवा तर लुकलुकतो, तो काहीतरी पाठवतच असेल. मला हे तेव्हा भाबडं वाटलं होतं.

सलीमभाई जाऊन आले. यंत्र ठीक, तार ठीक. आमच्या बाजूला सर्व्हर ठीक. त्यांनी तिथं उभं राहून आतली तार काढली, परत लावली, मी इथं बघत बसले. काहीच आलं नाही. आम्ही फोनवर एकमेकांना आठ-दहा वेळा विचारलं, काढली का, हो काढली, आली का, नाही आली. शेवटी सलीमभाईंना शंका यायला लागली की मी टीव्हीसमोर बसलेली नाही, आणि मला शंका यायला लागली की ते दौलताबादला नाहीत.

आठवडाभरानं जाधव सरांनी कंटाळून सॉफ्टवेअरमधली एक खूण काढून टाकली. आमच्या पडद्यावर फक्त आजचे संदेश दाखवायची ती खूण होती. ती काढल्यावर जुने संदेश पडद्यावर यायला लागले. कालचे, परवाचे, मागच्या वर्षीचे, आणि मग अगदी तळाशी, दौलताबाद. शेकडो संदेश.

त्या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी गेली होती. दर वेळी लाइट जाऊन आली की ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या तारखेपासून नव्यानं सुरुवात करायचं. संदेश इमानदारीनं पाठवायचं, पण त्यावर तारीख त्या काळातली. आमचं सॉफ्टवेअरही इमानदार. ते प्रत्येक संदेश त्याच्या तारखेच्या कप्प्यात नेऊन ठेवायचं. सर त्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, त्या साली ही शाखा नव्हती, ही कंपनी नव्हती, अन् मी सिल्लोडला खांबावर होतो. मी सातवीत होते, ते मी बोलले नाही.

खूण काढल्याचा एक परिणाम आमच्या लक्षात आला नाही. आमचं सॉफ्टवेअर दर संध्याकाळी न सुटलेल्या तक्रारींचं पत्र आपोआप शाखेला पाठवतं. त्या संध्याकाळी कदम बाईंना पत्र गेलं की आपली तक्रार पंचवीस वर्षांपासून प्रलंबित आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला फोन केला. बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, मी ते पत्र छापून नोटीस बोर्डावर लावलंय. एवढं खरं पत्र कुठल्याच ऑफिसातून आलं नव्हतं.

०

हा छोटा आहे. एकदा महिनाभर खोलीतली घंटी वाजली नाही. ठिपके लाल व्हायचे, घंटी गप्प. आम्ही आवाजाची फाइल बदलली, सॉफ्टवेअर परत टाकलं, नवा स्पीकर आणला. जाधव सरांनी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी फोनवर तासभर वाद घातला.

शेवटी शिंदे मॅडम झाडू घेऊन टीव्हीमागं वाकल्या आणि त्यांना स्पीकरची पिन लोंबताना दिसली. तिच्या जागी मोबाइलचा चार्जर होता. जाधव सरांचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, काय करणार, घंटी वाजत नाही म्हणून मी सारखा मोबाइलवर बघत असतो, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही.

आधी घंटी बंद झाली की आधी चार्जर लागला, हे आम्ही नंतर बरंच मोजून बघितलं. जमलं नाही.

०

पुढचा मी बसमध्ये सांगत नाही.

मे महिन्यातली दुपार. माझ्या धाकट्या भावाची बायको मीनाक्षी फुलंब्रीच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल होती. तो दवाखाना आमच्याच यादीत. तिथं रक्ताच्या पिशव्या ठेवायचा फ्रिज आहे, आणि फ्रिजचं तापमान वाढलं तर आम्हाला अलर्ट यायला हवा, म्हणजे आम्ही दवाखान्याला फोन करणार, असं ठरलेलं.

मी खोलीत बसले होते. भाऊ सुनीलचा फोन आला. सिझर करायचं ठरलंय, नर्सनं रक्तासाठी फ्रिज उघडला तर आत गरम. कधी बंद पडला कुणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, या पिशव्या वापरणार नाही, शहरातून दुसऱ्या मागवा. दवाखान्याची गाडी पेशंट घेऊन बाहेर गेलेली. मग तो म्हणाला, "ताई, फ्रिजचं तुम्हाला तिथं कळतंय म्हणं. मग नाय कसं कळलं?"

मी टीव्हीकडं बघितलं. फुलंब्रीचे ठिपके लाल नव्हते. हिरवेही नव्हते. करडे होते. आणि मला आठवलं की ते बऱ्याच आठवड्यांपासून करडेच होते. घंटी नाही, मेसेज नाही, म्हणून माझ्या नजरेला ते ठीकच वाटत होते. हा करडा रंग म्हणजे नेमकं काय, हे त्या क्षणी मला आठवेना. रोज समोर असलेली गोष्ट, आणि आठवेना.

सलीमभाई बाजूला डबा खात होते. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि फक्त विचारलं, कुठली रक्तपेढी. जाधव सरांनी तिथं फोन करून पिशव्या काढून ठेवायला सांगितल्या. सलीमभाई बर्फाच्या डब्यात पिशव्या घेऊन निघाले. मे महिन्याचं ऊन, चौक्याचा घाट, आणि पुढं पेट्रोलच्या टाकीवर बांधलेला तो डबा. मी बसनं मागं निघाले, पण मी पोहोचेपर्यंत ते पोहोचून, पिशव्या देऊन, दवाखान्याच्या नळावर तोंड धूत होते. त्यातली एक पिशवी लागली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा मेल आला. फुलंब्रीच्या टॉवरवरचं मुख्य यंत्र हिवाळ्यात तुमच्या फील्ड इंजिनिअरनं बदललं, तेव्हापासून अलर्ट बंद आहेत, त्याच्यावर कारवाई करा. जाधव सरांनी सलीमभाईंकडं लेखी खुलासा मागितला. सलीमभाई कागद समोर घेऊन बसले. त्यांना काय लिहावं कळत नव्हतं, कारण यंत्र त्यांनी बरोबर बदललं होतं. कालचा त्यांचा अर्धा डबा तसाच टेबलावर होता.

मी सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. टॉवरवरचं जुनं यंत्र काढलं तरी आमच्या यादीत ते तसंच राहिलं होतं. मेलेलं यंत्र, म्हणून सारखं लाल. एके दिवशी कोणीतरी त्या लाल ठिपक्यावर "माहीत आहे" असं बटण दाबून त्याला गप्प केलं. आणि सॉफ्टवेअरच्या लेखी फुलंब्रीची बाकी सगळी यंत्रं त्याच्या हाताखालची. वरचंच बंद आहे हे माहीत आहे म्हटल्यावर खालच्यांची ओरड ऐकायची गरज नाही, असं धरून ते सगळे ठिपके करडे झाले.

बटण दाबणाऱ्याचं नाव नोंदवहीत होतं. माझं.

मला तो दिवस आठवला नाही. अजूनही आठवत नाही. लाल ठिपका डोळ्यात खुपला असेल, दाबलं असेल. मी खाली गेले, पाणी प्यायले, परत जिना चढून आले. सलीमभाईंची कागदावर तारीख लिहून झाली होती. मी जाधव सरांना सांगितलं की तो कागद माझ्यासमोर ठेवा.

सरांनी नोंदवहीतलं नाव स्वतः वाचलं. मग त्यांनी कागद सलीमभाईंसमोरून उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. सलीमभाई म्हणाले, "दबाया तो दबाया, म्याडम. मेरेकू पहले बोलना था ना, मैं रात से सोच रहा था मैंने क्या किया."

माझा खुलासा माझ्या फाइलला लागला आहे. तिथंच असू द्या.

बारशाला सलीमभाई आले होते. माझी आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, यांनी रक्त आणलं. मग कोणीतरी विचारलं, अर्चना काय करती त्या ऑफिसात? सुनील म्हणाला, ताईचं काम सोपं आहे, हिरवं काय अन् लाल काय ते बघायचं.

आईनं बाळाच्या अंगावरची दुपटी नीट केली आणि विचारलं, "अन् करडं कोण बघतं?"

०

त्यानंतर जाधव सरांनी हुकूम काढला की अलर्ट कुठून कुठं जातो, ते एकेक करून तपासा. कोणत्या गावाचा अलर्ट कोणाच्या मोबाइलवर जातो, त्याची यादी मी काढली. कन्नड आणि सिल्लोडकडच्या सगळ्या शाखांपुढं पहिलं नाव होतं, पुराणिक.

पुराणिक सर माझे इथले पहिले शिक्षक. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही त्यांना शाल दिली होती, फोटो काढला होता. यादीतून नाव काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या पद्धतीत अलर्ट आधी पहिल्या माणसाला जातो, घंटीसुद्धा त्याच्याकडंच वाजते. त्यानं दहा मिनिटांत "मी बघतो" असं दाबलं, तर पुढच्यांना जातच नाही. म्हणून कन्नड-सिल्लोडचा एकही अलर्ट दोन वर्षांत आमच्यापर्यंत आला नव्हता. घंटी नसली की लाल ठिपक्याकडं कोणी मान वर करून बघत नाही, म्हणून आम्हाला वाटायचं तिकडं बिघाडच होत नाहीत. जाधव सर तर बैठकीत बाकीच्या शाखांना सांगायचे, सिल्लोडकडून काही शिका.

मी सिल्लोडच्या शाखेत फोन केला. तुमच्याकडं नेट बंद पडलं तर काय करता? ते म्हणाले, आम्ही काही करत नाही, आम्ही फोन उचलायच्या आधी तुमच्या पुराणिक साहेबांचाच फोन येतो. कुठली तार काढायची, कुठलं बटण किती वेळ दाबायचं, सगळं सांगतात. लई भला माणूस. त्यांची बदली करू नका.

मी आणि सलीमभाई सिडकोत त्यांच्या घरी गेलो. तुमचं नाव यादीतून काढतोय, हे त्यांना सांगायचं ठरवूनच गेलो होतो. काकूंनी पोहे केले. काकू म्हणाल्या, हे कुठल्या लग्नात पंगतीला बसत नाहीत, फोन ऐकू येत नाही म्हणतात. सरांनी आतून एक वही आणली. तारीख, गाव, काय बिघडलं, काय केलं, किती वेळात सुरू झालं. दोन वर्षांचं, एकाच शाईत. मी विचारलं, सर, तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं?

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "मेसेज येतच होते. नको असं कोणी म्हटलं नाही."

मी सलीमभाईंकडं बघितलं, सलीमभाईंनी पोह्यांकडं. आम्ही दुसऱ्यांदा चहा घेतला आणि न सांगताच परत आलो. ऑफिसात आल्यावर जाधव सरांना म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, बघू. आणि त्याच संध्याकाळी, कोणालाही न कळवता, त्यांनी यादीतून पुराणिक सरांचं नाव काढून टाकलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

पुढचा आठवडा फार निवांत गेला. घंटी नाही, मेसेज नाही. शिंदे मॅडमनी दोन वर्षांच्या फाइली आवरून घेतल्या. सलीमभाईंनी मोटरसायकलची सर्व्हिसिंग करून आणली. जाधव सर म्हणाले, एवढी तपासणी केली त्याचा हा परिणाम.

आठव्या दिवशी सकाळी अकराला पुराणिक सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण शब्द तोलून वापरत होते. म्हणाले, आठ दिवस झाले, एक मेसेज नाही. आधी वाटलं माझा मोबाइल बिघडला. दुकानात दाखवला, ठीक आहे म्हणाले. सिल्लोडला मी सहज फोन केला, तर ते म्हणतात काल दुपारपासून बंद आहे आणि तुमच्या फोनची वाट बघतोय.

मी फोन कानाला धरूनच टीव्हीसमोर गेले. सिल्लोड लाल. कन्नड लाल. मग मी अलर्टची यादी उघडली. सगळ्या जिल्ह्याची, सगळ्यांना गेलेली. वर पहिल्या ओळीत शेवटचा गेलेला अलर्ट दिसतो. त्याची तारीख बघितली. ज्या संध्याकाळी नाव काढलं, तीच. आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीत पुराणिक सरांचंच जुनं खातं होतं.

मी तारीख परत वाचली.  खोलीत जाधव सर काहीतरी विचारत होते, ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग पुराणिक सरांनीच विचारलं, "अर्चना, खरं सांग. तुम्ही मला काढलंय, की तुमचं सगळंच बंद पडलंय?"

मी म्हटलं, "दोन्ही, सर."

तिकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मग आधी दुसरं बघ."